गल्लीच्या टोकाची अमेरिका

किलड्राना, आयर्लंड,
शुक्रवार, दुपार

प्रिय डिंफ्ना,

आईच्या बाबतीत तू फोनवर जे सुचवलंस, ते यथासांग चाललं आहे. काल घरी निरोपाचा चहा झाला. हॅमची सँडविचेस, फ्रूटकेक, आणि शेजारपाजारचे झाडून सगळे. ‘मुलीकडे बोस्टनला निघाले हं, कायमची,’ असं आईनं प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं, आणि प्रत्येकानं दोन्ही वेळा नव्यानं नवल केलं. बॅग भरून, उपसून, पुन्हा भरून झाली आहे. तू पाठवलेला पाहुण्यांच्या खोलीचा फोटो तिनं प्रार्थनेच्या पुस्तकात घातला आहे. पिवळा रंग तिला फार आवडला. आत्ता ती खुर्चीत डुलकी घेते आहे, बाहेर जायचे बूट घालूनच. उद्या सकाळी निघायचं. त्याविषयी शेवटी लिहितो. आधी तुझी वंशावळ, कारण तिच्यापायी तू मला वर्षभर पिडलं आहेस. मी शाळेत लॅटिन शिकवतो आणि फावल्या वेळात संस्कृताची व्याकरणं चाळतो, तेव्हा मेलेल्यांशी माझं बरं जमतं, असं तुझंच मत. तर ऐक. साबिना सापडली.

साबिना म्हणजे आईच्या आजोबांची, थेडी कॉन्सिडाइनांची, धाकटी बहीण. आपल्या घरातली पहिली अमेरिकावाली. तिच्यासाठी तू बोटींच्या याद्या धुंडाळल्यास, बोस्टनमध्ये कुणा साबिना कॉन्सिडाइनचं थडगं शोधलंस, त्यावर नवा दगड बसवलास, आणि दर नोव्हेंबरला तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करवतेस. ते पुण्य वाया जाणार नाही, पण ती बाई आपली नव्हे. परक्यांची मेलेली बाई तू दत्तक घेतली आहेस. आपली साबिना १९०१च्या जनगणनेत टॅनयार्ड गल्लीतल्या नऊ नंबरात आहे: वय सोळा, लिहिता-वाचता येतं. १९११च्या कागदात ती त्या घरात नाही. थेडी आहे, त्याची नवी बायको आहे, आणि म्हातारी आई आहे, जी दहा वर्षांत सोळा वर्षांनी वाढली आहे. त्यात गूढ काही नाही. मधल्या काळात सत्तरीच्या वरच्यांना पेन्शन सुरू झालं, आणि सबंध आयर्लंडला एकदमच वार्धक्य आलं.

मग मी गल्लीच बघायला गेलो. म्हणजे काय बघणार? आई तीन वर्षांची असताना गल्ली पाडली. आज तिथे सुपरमार्केटचं पार्किंग आहे. अंदाजानं पाहता आपल्या पूर्वजांची चूल ट्रॉल्या ठेवतात तिथे येते. जुन्या नकाशाची प्रत हातात धरून गाड्यांमधून येरझाऱ्या घालणारा मी तिथल्या रखवालदाराला संशयास्पद वाटलो. ‘काय मास्तर, गाडी हरवली का?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘नाही बाबा, घर.’ त्यानंच मला बेबी मॅकिनर्नीकडे पाठवलं. नाव बेबी, वय चौऱ्याण्णव; आठ नंबरात जन्मलेली, त्या गल्लीतलं जिवंत उरलेलं शेवटचं माणूस. तिनं चहा ओतला, बिस्किटांचा डबा स्वतःकडेच ठेवला, आणि माझा प्रश्न ऐकून इतकी हसली की कवळी सावरावी लागली. ‘साबिना? अमेरिकेला? अरे लेकरा, ती गेली गल्लीच्या टोकाच्या अमेरिकेला! वरच्या टेकडीवर. वेड्यांच्या इस्पितळात.’

वेडी होती का, हा प्रश्न तुझ्या मनात आला असेल, माझ्याही आला. बेबी म्हणाली, ‘वेडी कसली! तोंडानं फटकळ होती आणि घरात होती, एवढंच.’ थेडीचं लग्न ठरत होतं. मुलीच्या बापानं सांगितलं, एका चुलीवर दोन बायका आपल्याला चालायच्या नाहीत. साबिनाला लग्नात द्यायला घरात काही नाही, आणि बोटीचं भाडंही नाही. इस्पितळ मात्र फुकट. अडचण एकच. घरात वेड निघालं म्हटल्यावर तो बाप मुलगी कशाला देईल? तेव्हा आपल्या पणजोबांनी तोड काढली. अमेरिकेला निघालेलं माणूस परत येत नाही, म्हणून जिवंतपणीच त्याचा मृत्यूचा जागर उरकायची आपल्याकडची काटकसर तुला ठाऊक आहे. तसा साबिनाचा जागर केला. गल्ली लोटली. मेलोडियन वाजलं, बेबीची आई पहाटेपर्यंत नाचली, म्हाताऱ्यांनी रीतसर हंबरडे फोडले. कुणी साबिनाला हॅट दिली, कुणी जपमाळ. आणि डिंफ्ना, गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ‘सगळ्यांना?’ मी विचारलं. ‘नवरीचं घर सोडून सगळ्यांना. दाखल करायच्या कागदावर शेजाऱ्यांच्या सह्या लागायच्या ना रे, त्यातली एक आमच्या आजोबांची. हॅटही त्यांचीच.’

टांगा बेबीच्या काकानं हाकला. स्टेशनच्या रस्त्याला लागला आणि टेकडीच्या फाटकाशी डावीकडे वळला. साबिनानं विचारलं, ‘इकडे कुठे?’ थेडी म्हणाला, ‘डॉक्टर तपासतो आधी. त्याशिवाय बोटीवर घेत नाहीत.’ हे खरंच होतं. बंदरात डोळे, घसा, केस तपासत, आणि डोळ्यांत खुपरी निघाली तर परत धाडत, हे पोराबाळांनाही माहीत होतं. तेव्हा पांढऱ्या डगल्यातली माणसं दिसताच ती स्वतःहून पुढे झाली. सांगायच्या आत तोंड उघडलं, आणि खालची पापणी बोटानं ओढून दाखवली, की बघा, डोळे स्वच्छ आहेत, मला पाठवा. काका ही नक्कल मरेपर्यंत दर नाताळात करून दाखवायचा आणि घर हसून लोळायचं. बेबीनंही मला करून दाखवली. चौऱ्याण्णव वर्षांची ती लाल पापणी आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. साबिना बरेच महिने परिचारिकांना विचारत असे, बोट कधी सुटते? त्यांनी ते वेडाचं लक्षण म्हणून नोंदवलं असणार. शास्त्राला पुरावा मिळाला.

पुढे तिला धुण्याच्या खोलीत काम दिलं. तिथल्या वरच्या खिडकीतून टॅनयार्ड गल्लीची धुराडी दिसत. खाली भिंतीशी जमून गल्लीतली पोरं ओरडत, ‘काय गं साबिना, अमेरिकेत पाऊस आहे का?’ बेबीही ओरडायची. ‘हात करायची आम्हाला,’ म्हणाली. मग डब्यातलं एक बिस्किट माझ्यापुढे सरकवून म्हणाली, ‘छान करायची.’ आणि आई लहानपणीची एक आठवण सांगते ना, की आजोबा नाताळात चुलीपाशी उभं राहून अमेरिकेहून आलेलं धाकट्या बहिणीचं पत्र वाचत, आणि सगळे शेजारी माना डोलवत ऐकत? ती पत्रं थेडीच रचत असे. कल्पनाशक्ती बरी होती. एका पत्रात तिनं पियानो घेतला. गल्ली पाडली तेव्हाही ती त्या खिडकीत होती. तिथेच कधीतरी गेली. इस्पितळातल्यांची नावं जनगणनेत लिहीत नसत, नुसती आद्याक्षरं, अब्रूची काळजी. १९११च्या कागदात ती अशी आहे: सा. कॉ., स्त्री, सव्वीस, जन्म याच गावचा. तुझ्या वंशावळीत तेवढी जागा कर.

आता आईचं. तुझी योजना मी शब्दशः पाळली आहे: तिला सांगायचं की तू डिंफ्नाकडे चाललीस, शेजाऱ्यांना बोलावून चहा करायचा, म्हणजे ती आनंदात निघेल, आणि विमानतळाच्या रस्त्याला लागलं की टेकडीच्या फाटकाशी डावीकडे वळायचं. तिथला नवा वृद्धाश्रम खरंच चांगला आहे. सगळा काचेचा. जुनी भिंत तेवढी ठेवली आहे. ‘आठवड्यात विसरेल रे ती,’ असं तू म्हणालीस, आणि नाव तुझं डिंफ्ना, वेड्यांच्या कैवारी संतिणीचं! कालच्या चहाला शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं; तूच कळवलं होतंस. त्यांनी केक फार प्रेमानं खाल्ला. एक घर सोडून त्यांना जे ठाऊक नाही, ते असं की मी तिकीट काढलं आहे. शेजारच्या कोनहर्टीबाईंची लेक त्याच विमानानं जाते आहे, ती आईला सोबत करील. विमान उडालं की मी तुला फोन करणार. आवराआवरीला सहा-सात तास तुला मिळतील. म्हणजे हे पत्र तू वाचते आहेस तेव्हा आई तुझ्या समोर बसलेली असेल, आणि ते तिच्याच पर्समधून, जपमाळेच्या डबीखालून निघालेलं असेल. तीन महिने तिकडे राहू देतात. नंतर तूच घेऊन ये, मग टेकडीचं दोघं बसून ठरवू. मी काही देवमाणूस नव्हे. हे तीन महिने मी गाढ झोपणार आहे. तिला चहात दूध आधी लागतं. रात्री दिवा चालू ठेव. आणि दर थोड्या वेळानं ती तुला विचारील, ‘डिंफ्ना, ही अमेरिकाच ना गं?’ तेव्हा हो म्हण. आपल्या घराण्यात हे उत्तर खरं देण्याचा मान पहिल्यांदा तुला मिळतो आहे.

तुझाच, उद्या त्या फाटकावरून सरळ पुढे जाणारा,
मॅलकी