सहा फरश्यांचं अंतर

३ फेब्रुवारी २०२५

तिघंही आले! पण तीन टेबलांवर बसले.

वारंगा फाटा, निर्मलाबाईंचं हॉटेल, दुपारी चार. भिंतीकडे तोंड करून अमृतराव. दाराशी फारुकभाई. मोरीजवळ तांड्याचे प्रेमसिंग. गाव एक, पक्ष तीन. एका टेबलावर कुणी पाहिलं तर युती झाल्याची बातमी यांच्या आधी गावात पोचते. म्हणून ही बैठक नाही. तिघांना एकाच वेळी चहा प्यावासा वाटला, एवढंच.

मी मधे, पाणीयोजनेची इंजिनिअर, नव्या टाकीचा नकाशा घेऊन.

"सांगा मॅडम त्यायला, टाकी आमच्या मळ्याकडंच होईल," अमृतराव भिंतीला म्हणाले.

"बोलो उनको, ख्वाब देखते रहो," फारुकभाई दाराला.

टेबलांमधलं अंतर सहा फरश्या. बारा फूट. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

१० फेब्रुवारी

मुद्दा स्वतःपुरता लिहून ठेवते. टाकी माळावर, तांड्यापाशी झाली तरच शेवटच्या वस्तीपर्यंत दाब पोचतो. शेवटची वस्ती म्हणजे आमचा बौद्धवाडा. चार दिवसांनी बारा मिनिटं पाणी. निर्मलाबाई आमच्याच गल्लीतल्या. हंडे भरून झाल्यावरच फाट्यावर येतात.

जागेसाठी ग्रामसभेचा ठराव ३१ मार्चच्या आत हवा. नाहीतर काम दुसऱ्या गावाला. दीड वर्षात तीन सभा झाल्या, तिन्ही वेळा कुणीतरी आपली माणसं घेऊन उठून गेलं. कोरम मोडला.

ही चौथी आणि शेवटची संधी.

१७ फेब्रुवारी

चार फरश्या! कबूल कुणी करणार नाही, पण जवळ सरकलेत. आज माझ्यामार्फत नाही, थेट भांडले.

लेव्हलचे आकडे वाचून दाखवले. माळ मळ्यापेक्षा चौदा मीटर उंच. अमृतरावांनी नकाशावर मळ्यापासून माळापर्यंत बोट फिरवलं. "आकड्यासंगं काय भांडू? होऊ द्या माळावर."

लगेच प्रेमसिंग: "मंग टाकीवर बोर्ड आमच्या पक्षाचा."

"तुमचा काहून? उंबरे झिजवून मंजुरी आणली कोणी?" अमृतराव.

जागेचं मिटलं. आता बोर्डाचं.

२४ फेब्रुवारी

दोन फरश्या. आवाज तेवढेच. फारुकभाईंना आता पाण्याचा पहिला नंबरही मोहल्ल्यालाच हवा.

१० मार्च

रोजे सुरू आहेत. फारुकभाई पाणीही घेत नाहीत. अमृतरावांनी आलेला चहा परत पाठवला — "माणूस उपाशी बसलेला, अन् मी भुरके मारू व्हय?" प्रेमसिंगनी अर्धा प्यालेला कप गुपचूप खाली ठेवला.

टेबलं आज एकमेकांना चिकटलेली. शून्य फरश्या.

सूर्य बुडाला तशी निर्मलाबाईंनी खजुराची प्लेट आणली. एकच. मधल्या टेबलावर ठेवून निघून गेल्या. प्रेमसिंगचा हात पुढे गेला.

"ओ नेते, पहले रोजेदार!" फारुकभाई.

"घ्या ना भाई. इथंबी तुमचाच नंबर पहिला!"

अमृतराव खजुराची बी थुंकून म्हणाले, "बोर्डच नको. कोणाचाच."

"मंग टाकीवर लिहायचं काय?" प्रेमसिंग.

"उंची," मी म्हणाले.

तिघं एकाच गोष्टीवर हसले. पहिल्यांदा! मग दहा मिनिटांत उरलेलं ठरलं. पाणी आधी शेवटच्या वस्तीला, मग मोहल्ला, गावठाण, तांडा.

२६ मार्च

ठराव मंजूर!! तीनशे बारा हात वर. दोनदा मोजले. एकही माणूस उठून गेला नाही.

फारुकभाईंच्या आई रहिमाबींनी माझी हनुवटी धरली. "बेटी, तीनों को एक टेबल पे तूने बिठाया."

"आकड्यांनी," मी म्हणाले.

इथे खरं लिहिते. मी बसवलं. मी!

२९ मार्च

पेढे घेऊन फाट्यावर गेले. हॉटेल रिकामं. निर्मलाबाई टेबलं ओढून लांब लावत होत्या. सहा फरश्या.

"हे काय, मावशी?"

"काम झालं आपलं. आता गिऱ्हाइकाला जागा नको? लई तकलीफ देतेत मेली, जड हायेत." कंबरेवर हात ठेवून त्या माझ्याकडे बघून हसल्या. "कोमल, तू त दर बारीला फरश्या मोजून राहिली. टेबलं काय आपोआप सरकतेत व्हय, पोरी?"

पेढे ठेवले. टेबलाचं दुसरं टोक धरलं.