गोठ्यातला घोट

४ ऑगस्ट, केडगाव
आले एकदाची लेकीकडं. घोडेगावच्या बाजारात म्हस इकली, घराला कुलूप लावलं. स्नेहल नर्स हाय. तिनं वही दिली, म्हनली, आये, लिहीत बस, माझं डोकं खाऊ नको. जावई अजिनाथराव लई गुनाचं. घोरत्यात मातर टेम्पो घाट चढल्यागत. जेवताना तसं म्हनले, तर लाजून ताटात बघाय लागलं.

५ ऑगस्ट
एक गोष्ट कुनाला ठाव न्हाई. हे वारले त्या थंडीत मला खोकला झाल्ता. खोकला गेला, त्या गुंगीच्या औषधाची बाटली ऱ्हायली. रोज धार काढली की गोठ्यातच म्हशीआड तोंडाला लावायची. आधी झाकनभर पुरायचं. आता अर्धी बाटली बी पचती. येताना बाटल्या लुगड्यात गुंडाळून आनल्यात. आज न्हानीत कडी लावून रोजच्याएवढीच घेतली. बाटली खिडकीतनं भाईर. आता खोलीला कडी लावून लिहितीय.

७ ऑगस्ट
दार तोडलं म्हने. ओठ निळं पडल्तं. दवाखान्यात नेलं. लुगडं घान झाल्तं. स्नेहल ड्युटीवर, म्हून जावयानं उचललं. जावयानंच धुतलं. स्नेहल म्हनली, शुगर उतरली असंल. मी व्हय म्हनले.

९ ऑगस्ट
स्नेहल तिच्या वार्डातलं सांगत हुती. एकजन रोज घरी नशा करायचा, पचायची. पावन्याच्या गावाला तेवढीच केली अन् गेला. मेंदू ध्यानात ठेवतो म्हने. रोजची जागा, रोजचा वास आला की आधीच तयार ऱ्हातो. नव्या जागी त्याला कळतच न्हाई. माझ्या मेंदूला गोठा पाठ हाय.

१२ ऑगस्ट
गावाकडनं दावं, पेंड, गोवऱ्या मागवल्या. खोलीच्या कोपऱ्यात मांडलं. जावई म्हनलं, मामी, म्हस लिफ्टनं येनार का जिन्यानं? म्हनलं, तुमच्या घोरन्याला भिऊन येत न्हाई. कोपऱ्यात बसून घेतली. पचली.

१५ ऑगस्ट
कोपऱ्याकडं बघितलं तरी नाक गळतं, हाडं ठनकत्यात. बाटली उघडायच्या आधीच. मानंवर ऊन ऊन श्वास. इकलेली म्हस. वळले— कोनी न्हाई.

१७ ऑगस्ट
पावनं येनार म्हून जावयानं सगळं फेकलं. फिनेल टाकलं. म्हस गेली न्हाई. घोट मागतीय— स्नेहलला सांगाय दारापातुर गेले. जावई तितंच बसल्यालं. परत आले.

१८ ऑगस्ट
खाली पावनं हसत्यात. गच्चीवर आले, टाकीमागं. जागा नवी. ठाव हाय मला. थोडीच घेनार हुते— हात ऐकंना— रोजच्याएवढी गेली.
हाक मारावी. स्नेहल—
हाकंला जावईच येत्याल. पुन्यांदा त्यांनीच मला— पावन्यांम्होरं—
नको. जरा टेकते, मंग