हद्दीपर्यंतची गाडी

११ मार्च, सोमवार

दारात पाटी रोवली. 'विक्रीकराला हो म्हणा – गावाला अँब्युलन्स आणा.' जमीन अजून कडक आहे. नवऱ्याचा, वर्लिनचा हातोडा मला जड जातो, बोटावरच बसला.

डॉलरमागे अर्धा सेंट! तेवढ्यासाठी लोक असे भांडताहेत की जणू कुणी त्यांची दुभती गाय सोडून नेतंय.

मला एवढंच कळतं – गेल्या वसंतात वर्लिन स्वयंपाकघरात कोसळला आणि गाडी यायची होती थेट जिल्ह्याच्या गावाहून. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. शेगडीवरच्या बीन्स करपल्या, धूर झाला, तरी उठले नाही. सायरन ऐकू आला तेव्हा तो माझ्याकडे बघायचा थांबला होता.

१४ मार्च

मैत्रीण ट्वायलाला प्रचार करायची परवानगी नाही. ती मतदानाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये मतदारांची यादी घेऊन बसते ना. म्हणाली, "नोरीन, तूच फिर. तुला नाही म्हणायला कुणाची जीभ उचलणार नाही." म्हणजे मी विधवा आहे म्हणून. असू दे. तेवढ्यासाठी तरी कामी येऊ दे.

आठवीत शाळा सुटली, कापूस वेचायला गेले. पुढचं सगळं लायब्ररीतल्या पुस्तकांनी शिकवलं. पण हा ठराव म्हणजे अख्ख्या पानाचं एकच वाक्य! शब्दकोश घेऊन बसले. कंटाळून शेवटी माझं मीच सोपं केलं: बाहेरच्यांचा पैसा, आपली गाडी! हायवेवरून जाणारे ट्रकवाले, हद्दीबाहेर राहून आपल्याकडून किराणा नेणारे – कर सगळेच भरणार, गाडी मात्र आपली. लोकांना पटतं. दारोदार हेच सांगते. घरी येईपर्यंत घसा बसतो. बरं वाटतं – एरवी आठवड्यात घसा बसण्याइतकं बोलणं कुठे होतं?

२० मार्च

डेलबर्टच्या पशुखाद्याच्या दुकानात गेले. हा वर्लिनचा मासेमारीचा सोबती, आणि ठरावाचा सगळ्यात मोठा विरोधक.

"आलीस? आता माझ्या कोंबड्यांकडेही मत माग!"

"त्यांना अक्कल आहे. देतील."

हसला. मग म्हणाला, कर वाढला की गिऱ्हाईक शेजारच्या गावात जाणार. "आणि ते गेलं की मलाच लागेल तुझी अँब्युलन्स."

निघाले, तर मागून हळूच – "वर्लिननंही नाहीच म्हटलं असतं गं."

पिकअपमध्ये बसून रडले. याला काय माहीत! तो काय स्वयंपाकघरात होता?

३१ मार्च, ईस्टर

दुकानातला सगळ्यात लहान हॅम आणला. तरी तो माझ्यापुरता मोठाच.

२ एप्रिल, मंगळवार

सकाळीच गेले. केस धुतले होते, चर्चचा निळा झगा. हॉलमध्ये कॉफी, कुणीतरी घरून आणलेला पीकनचा गोड पाय, आणि यादीवर ट्वायला. तिनं आमचं आडनाव शोधलं. पान उलटलं. परत उलटलं.

"अगं, नोव्हेंबरात मीच तुझी सही घेतली की!"

"मग?"

तिनं यादीच्या मथळ्यावर बोट टेकलं. "ती निवडणूक सगळ्या जिल्ह्याची होती. ही फक्त गावाची. नोरीन... तुमचं घर हद्दीबाहेर आहे."

मी हसले. आमच्या पत्त्यात गावाचं नाव आहे, टपाल याच गावाचं येतं, चाळीस वर्षं याच हॉलमध्ये मी घरी केलेलं गोडधोड आणतेय! गावाच्या निवडणुकीला कधी आले नव्हते खरी – कौन्सिलला विरोधात कुणी उभंच राहत नाही, मत कसलं द्यायचं? गावाचा नळ नाही, आमची स्वतःची विहीर, मैल्याची स्वतःची टाकी. मला वाटायचं, वर्लिनचा हट्ट.

मागे रांग उभी होती. सगळ्यांची दारं मी ठोठावलेली. मी बाजूला झाले.

बाहेरच्यांचा पैसा. हे मीच शिकवलं त्यांना.

३ एप्रिल

ठराव पास झाला. चांगल्या फरकानं. ट्वायलानं फोन करून सांगितलं. गाडी हद्दीपर्यंतच जाणार. विचारलं मी.

५ एप्रिल

डेलबर्ट आला. हरला म्हणून तोंड पाडून येईल वाटलं होतं. तसा नव्हता. टोपी हातात घेऊन पायरीवर बसला, आत येईना.

म्हणाला, मी कौन्सिलवर होतो तेव्हा गावाची हद्द ओढ्यापर्यंत वाढवली. सगळी घरं घेतली. वर्लिन सभेत उभा राहिला – "आम्हाला वगळा. माझ्या कचऱ्याला काडी लावायला मला कुणाची परवानगी नको!" सगळे खोखो हसले. आणि हद्दीची रेघ आमच्या कुंपणाला वळसा घालून गेली.

"आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल. तो तुझ्यापासून असलं काही लपवेल असं वाटायचंच नाही बघ त्याच्याकडे पाहून."

मी कॉफी विचारली. नको म्हणाला. जाताना म्हणाला, "अजूनही घेतील तुला आत. नुसतं मागावं लागतं. मी कौन्सिलवरच्या जुन्या लोकांशी बोलतो."

म्हणजे वर्षभर मी कुणाकुणाला दोष दिला! त्या दिवशी गावात गाडी असती, तरी ती कुंपणापाशी थांबली असती. वर्लिनच्या कुंपणापाशी.

६ एप्रिल

दिवसभर भांडले त्याच्याशी. मोठमोठ्यानं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. कचरा जाळायचा म्हणून! अंगणातल्या कोंबड्या आडोशाला पळाल्या. त्याचं ते कचऱ्याचं जुनं पिंप लाथेनं उलथवलं, सगळी राख झग्यावर.

वर्षभर त्याच्याबद्दल नुसतं चांगलंच बोलत आले. दमले होते मी त्यानं.

८ एप्रिल, सोमवार

नगरपालिकेत गेले. म्हटलं, घर हद्दीत घ्या. टेबलामागची मुलगी नवी होती, तिला आमचं काही ठाऊक नव्हतं. विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"मी एकटी," म्हणाले. पहिल्यांदाच.