तीन घड्यांचं पत्र

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी आखडलेली मान आता मोकळी झाली असेल. हे पत्र दोनदा कच्चं लिहून मग उतरवतो आहे.

काल मी एका लाल कोटाची पाचही काजं हिरव्या दोऱ्याने केली. रिळावर माझ्याच अक्षरात ‘लाल’ लिहिलेलं होतं. कटिंग मास्तरांनी जेवणाच्या सुट्टीत रिळांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या. पाचवं काज होईपर्यंत सगळे गप्प बसले आणि मग पोट धरून हसले. रिळं रोज तीनदा तपासतोस ना, पोटात गोळा येतो ना, असं मास्तरांनी विचारलं. मालक हसले नाहीत. त्यांनी मला इस्त्रीवर बसवलं. कामावर ठेवायचं की नाही, ते पुढच्या शनिवारी सांगणार आहेत.

ताई, ‘तीनदा’ आणि ‘पोटात गोळा’ हे माझे शब्द आहेत. मला लाल-हिरवं ओळखता येत नाही, हे आपल्या दोघांतच होतं. लहानपणी कोणाला कळू नये म्हणून माझ्या खडूंवर तूच नावं लिहून दिली होतीस. गेल्या महिन्यात माझ्यापाशी तरी मन मोकळं कर म्हणालीस, म्हणून मी पहिल्यांदा सगळं कागदावर लिहिलं.

ते पत्र मला परत पाठव.

तुझा लोभ आहे असं धरून चाललो होतो.
तुझा धाकटा भाऊ


ता. ७ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला नाही. मी फक्त तुझ्या भाऊजींच्या कानावर घातलं, तेही तोंडी आणि काळजीपोटी. मास्तर त्यांचे मित्र, तुला सांभाळून घेतील असं त्यांना वाटलं. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं रे. मास्तरांची जीभच तशी आहे. तू पहिल्यापासून हळवा, इतकं लावून घेऊ नकोस.

पत्र माझ्या कपाटातून हललेलं नाही, तुझी शपथ. सोबत पाठवते आहे. मालकांना सांग, चष्मा लागला होता आणि कळलं नव्हतं. निभावून जाईल.

माझ्यावरचा राग दोन दिवसांत संपव.
तुझी ताई


ता. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. मी कागदाला पाकिटाच्या मापाने तीन घड्या घालतो, यावरून तू मला नेहमी हसतेस. तू परत पाठवलेल्या माझ्या पत्राला चौथी घडी आहे, उभी, शर्टाच्या खिशाच्या मापाची. मागच्या बाजूला निळ्या खडूचा अंगठा आहे. आमच्याकडे कापडावर खुणा करायला निळा खडू फक्त मास्तर वापरतात. निळा मला नीट दिसतो.

ते तुझ्या नकळत गेलं असेलही. मग माझी शपथ घेण्याआधी एकदा उघडून पाहायचं होतंस.

चष्म्याचं मी काही बोललो नाही. शनिवारी सगळ्यांसमोर तेच पत्र मालकांना वाचून दाखवलं. पोटातल्या गोळ्यापाशी आवाज फाटला, तरी पुरं वाचलं. मास्तर कात्री शोधत राहिले, ती त्यांच्या हातातच होती. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, असं मालक म्हणाले. महिनाभर पाहणार आहेत. गिऱ्हाइकाला दोरा दाखवल्याशिवाय सुईत ओवायचा नाही, एवढीच अट. काल एका आजोबांना रंग विचारला, तर म्हणाले की त्यांनाही कळत नाही, म्हणून तर बायकोला बरोबर आणतात. खूप दिवसांनी हसलो.

तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, आणि तुला वेगळं सांगण्यासारखंही. हे शेवटचं पाकीट. यापुढे कार्ड टाकत जाईन, भाऊजींना उघडायचा त्रास नको.

लोभ आहे. तो वाढावा, असं या वेळी लिहीत नाही.
तुझा धाकटा भाऊ