धुऱ्यावरून राजूर दिसत नाही

ता. आर्णी, २० डिसेंबर १९९८

चि. सत्यशीला हिस आजीचा जयभीम.

तुयं पत्र पोचलं, तू तिकडे समुद्रात ज्याच्यावर अभ्यास करून राह्यली त्या माशाचा फोटोही पोचला. इकडे सगळं ठीक. तुया बापाची खोकल्याची बाटली संपली, खोकला नाही संपला.

मासा मले पसंत पडला. पिवळा, चिमट्यासारखं तोंड. खऱ्या डोळ्यावर काळा पट्टा अन् शेपटीजवळ खोटा डोळा, दुश्मनानं तिथं चावावं म्हणून. शहाणा आहे. आपल्या गावातही असे आहेत, फक्त इतके देखणे नाहीत.

यंदा समुद्र तापला, पोवळं पांढरं पडलं अन् मासे उपाशी फिरून राह्यले म्हणते. जन्मभर तेच खाल्लं, दुसरं चालतच नाही. तुमच्याकडे पांढरं झालं की उपास, आमच्याकडे पांढरं नाही झालं की उपास. अर्धी बोंडं अळीनं खाल्ली.

मैनाबाईचं विचारलं. बरी आहे.

काल हरिसिंगच्या वावरात कापूस वेचाले गेलती. संध्याकाळी तो म्हणे, "मथुराबाई, एक पात वेचली, एक सोडली. हे कोणती नवी रीत?" मागं पाह्यलं तर खरंच, एकाआड एक ओळ पांढरीच उभी. सोडलेल्या पाती मैनाच्या. चाळीस वर्षं ती डाव्या पातीवर, मी उजव्या. हात आपोआप तिची पात सोडून चालले. मी म्हणलं, "तू आपलं काम पाय." मंग त्या पातीही वेचल्या.

आता लिहूनच टाकते. दिवाळीत तिचा पोरगा धम्मरत्न तिले राजूरले घेऊन गेला. तिथं खाणीत लागला तो. ती म्हणे, "इथं वेचाले काय राह्यलं? तूही चाल." मी म्हणलं, "जा, सुनेच्या भाकरी मोज. मले तुयी गरज नाही." साऱ्या बायांसमोर म्हणलं. तिनं कमरेची ओटी, कापूस वेचून टाकायचं फडकं, सोडली, माह्या दारात ठेवली अन् गेली.

तू लिहिलं, हे मासे जोडीनंच फिरते, अन् जोडीदार चुकला की तो मासा पोवळ्याच्या वर चढून दुसऱ्याले पाहाते. कापसाची पऱ्हाटी उंच झाली की मीही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर चढून मैनाले हाक मारायची. पण धुऱ्यावरून राजूर दिसत नाही.

शनिवारी वणीच्या एसटीनं राजूरले जाते. तिची ओटी धुवून पिशवीत ठेवली. काय बोलायचं ते ठरवलं नाही, माह्यं तोंड तुले माहीत आहे. तिनं आत नाही घेतलं तर ओटी दारात ठेवून परत येईन. तिच्यासारखीच.

एकटा मासा दिसला तर त्याले हुसकू नको.

तुयी,
उजव्या पातीवरची आजी
मथुराबाई