मोबाईलवर चालणारी मोटर

४ ऑक्टो.
मिक्सर जोडून झाला. दोन स्क्रू उरले. चालतो, पण चटणी वाटताना ओट्यावरून पुढं पुढं सरकतो. सौ. म्हणाली, "आवं, आता घरातलं काय खोललंसा तर बघा." घरातलं म्हणाली. विहीर रानात आहे.

७ ऑक्टो.
मोटरचा स्टार्टर तयार! सौ.चा जुना बटणाचा मोबाईल डब्यात बसवला. घरून रिंग दिली की मोटर चालू, परत दिली की बंद. असा स्टार्टर उंब्रजमध्ये विकत मिळतो. पण मग फौजेच्या वर्कशॉपमध्ये मी वीस वर्षं काय गवत उपटलं? स्क्रीन फुटकीच होती, काढून टाकली.
सिम तिचंच. जुनं, मोठं, पोरानं दिलेल्या नव्या फोनात बसेना. दुकानात कशाला, मी कापून बसवतो म्हणालो होतो. नव्या फोनात पोरानं घातलेलं दुसरं सिम चालतं, म्हणून तिला वाटतं जुनंही बसवलं. सवडीनं बघू.

११ ऑक्टो.
दुपारी एकला मोटर आपोआप चालू. मी रिंग दिलेली नाही. उसात पाणी, बांध फुटून शेजारच्या सोपानाच्या मिरचीत पाणी. डब्यातला रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा खटका, बदलला.

१३ ऑक्टो.
परत एकला. सोपाना बांधावर उभा. "गड्या, मिरचीत मासं सोडू का?" सगळा डबा खोलला. दोष सापडेना. झोप नाही.
दिवाळी आली की सौ.ला भाऊ आठवतो. बिरू, जतला मेंढरं असतात. उन्हाळ्यात त्याच्या पोरीच्या लग्नात आत्याच्या मानाची साडी द्यायची राहिली. ही न जेवता परत आली, तेव्हापासून बोलणं बंद. "त्याच्याकडं नंबर हाय माझा. वाटलं तर करंल." म्हणते असं, पण जेवताना फोन ताटाशेजारी ठेवते.

१६ ऑक्टो.
एकच्या आधी डब्यापाशी दबा धरून बसलो. डब्यातला मोबाईल वाजला, मोटर चालू झाली. हिरवं बटण दाबून डबा कानाला लावला.
"आक्का? बोल की गं. पाच दिस झालं लावतोय."
बिरू!
"साडीचं चुकलं माझं. दाजींना फोन करत न्हाई, ते भांडान बी खोलून बसतील आन् जोडायचं ऱ्हाईल. भाऊबीजेला यीऊ का नगं, येवढंच सांग."
काय बोलणार? कुठून बोलतोय म्हणून सांगणार?
मग म्हणाला, "पाण्याचा आवाज येतोय आक्का. लय पानी हाय तुमच्यात. बरं चाललंय म्हंजे." ठेवला.
फार लाज वाटली. जोडायचं राहतं म्हणाला, तेही खरंच आहे.

१९ ऑक्टो.
सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. करंज्या करत होती. हातात लाटणं. परत आलो.
एकला मोटर चालू. आज लगेच बंद. दोनदा लावला असणार.

२२ ऑक्टो., पाडवा
उद्या भाऊबीज. सौ.नं ओवाळलं. ओवाळणी ताटात टाकायच्या आधी सगळं सांगून टाकलं. तिनं ताट खाली ठेवलं. ओरडेल वाटलं, ओरडली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. "चला हिरीवर."
नव्या साडीत पुढं चालत गेली. डब्यासमोर बसली. एक वाजला. सव्वा. दीड. मोटर गप्प. बिरूनं नाद सोडला असावा.
"आवं, डबा बिघडला आसंल. खोला की."
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा खोला म्हणाली. खोलला. वायरी जागेवर, बॅटरी भरलेली. काही बिघडलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.
"वायर तुटलीया," म्हणालो. "म्हणून लागत नसंल त्याचा. तूच लाव."
चालत्या वस्तूला बिघडलेली म्हणायची माझी ही पहिलीच वेळ.
तिनं आपल्या फोनवरून लावला. कानाला धरून उभी राहिली.
"रिंग जातीया," म्हणाली.