नायजेलचा रिपोर्ट आणि आपली सून

डोंबिवली

नायजेलचे आजोबा,

येशूची सावली तुमच्यावर राहो. गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही माझं अर्धंच ऐकता, म्हणून हे पत्र. मी सांगतेय आणि आपली सून आयव्ही लिहितेय, तेव्हा जरा सांभाळून वाचा.

नायजेल मजेत आहे. माझी नक्कल करतो. साखर इंजेक्शनने आवरलीय. फक्त पहिल्या बाकावरूनही त्याला फळा दिसत नाही.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशीत इन्सुलिनची नीट घडी घालावी लागते. बिनघडीचा माल साचला की पेशी आतल्या जीन्सना निरोप धाडते, नवं काम कमी करा, घडी घालणारे मदतनीस वाढवा. काम आवरलं की निरोप थांबायला हवा. आपल्या पोराचा तो थांबवणारा जीनच बिघडलाय. निरोप चालूच राहतो आणि पेशी दमून मरते. डोळ्यांच्या नसांतही तेच.

आता नीट ऐका. असा बिघडलेला जीन आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो. म्हणजे एक आपल्या व्हिक्टरचा, आणि त्याला तो दिला तुम्ही, नाहीतर मी. आणि ईस्टरला भरल्या घरात तुम्ही काय म्हणालात? "हिच्या माहेरचं रक्तच नासकं."

इथे सुनेचं पेन थांबलंय. अगं लिही, तुझ्याच बाजूचं आहे!

ती पोराला घेऊन माहेरी जायचं म्हणतेय. वाडीला पाणी घालायचं शेजारच्या एमिलियाला सांगा आणि इकडे या. दारात आधी सुनेशी बोला. मग नायजेलला मोठ्याने हाक मारा. आता तो माणूस आवाजावरूनच ओळखतो.

तुमचीच, भांडखोर
कार्मेलीन